कलावंताचा परिचय कसा लिहावा
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आपल्या ज्ञातीतील अनेक मुलेमुली निष्ठेने गायनवादनाची साधना करीत आहेत. त्यांना चार ठिकाणांहून बोलावणे यावे, म्हणून त्यांचा परिचय लिहून देण्याचा प्रसंग आपणांपैकी पुष्कळांवर येतो. त्याविषयी अनुभवाचे चार शब्द सांगण्याची आम्ही अनुज्ञा मागतो.

आरंभ आमच्याच चुकीपासून करतो. एका होतकरू गायिकेचा परिचय आम्ही मोठ्या हौसेने लिहिला. ‘अलौकिक’, ‘अद्वितीय’, ‘रसिकांच्या गळ्यातील ताईत’ अशी विशेषणांची आरास मांडली. छापील पत्रिका हाती पडताच ती मुलगी एवढेच म्हणाली, “काका, बुवांचे नाव राहिले.” ज्यांच्यापुढे बसून तिने बारा वर्षे तालीम घेतली, त्यांचेच नाव आम्ही गाळले होते! त्या संध्याकाळी बुवा पहिल्या रांगेत बसले होते. आम्हांस त्यांच्याकडे पाहवेना.

तेव्हापासून विशेषणे गाळावी आणि वस्तुस्थिती सांगावी, हा नियम आम्ही पाळतो. केसरबाई केरकरांचे उदाहरण घ्या. १८९२ साली गोव्यातील केरी गावी जन्म. अल्लादियाखाँसाहेबांकडे दीर्घकाळ तालीम. १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळात गेलेल्या सुवर्णतबकडीवर त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी. एवढे सांगितल्यावर कोणते विशेषण जोडावयाचे राहते?

नवोदितापाशी एवढे संचित नसते, हे खरे. तथापि गुरू कोण, तालीम किती वर्षांची, आकाशवाणीची श्रेणी कोणती, यापूर्वी गायन कोठे झाले, ख्याल, ठुमरी की नाट्यपद यांपैकी कशात विशेष गती आहे, हे सांगता येतेच. कार्यक्रम ठरविणारास हेच हवे असते. महत्त्वाचे ते पहिल्या दोन वाक्यांत यावे. कारण वृत्तपत्रात जागा अपुरी पडली की कात्री शेवटास लागते. पन्नास शब्दांचा एक आणि दीडशे शब्दांचा एक, असे दोन परिचय सिद्ध ठेवावे व दरवर्षी सुधारावे. आणि आठ दिवसांच्या शिबिरातील मार्गदर्शनास ‘तालीम’ म्हणू नये. जाणकारांपुढे ते दोन आवर्तनांतच उघडे पडते.

परिचय श्रोत्यांस दारापर्यंत आणतो. त्यांना आत बसवून ठेवणे हे गाण्याचे काम. मात्र त्या दारावर गुरूंचे नाव असावे, एवढीच आपणां सर्वांस आमची नम्र विनंती आहे.