प्रवेशनिबंध : साडेसहाशे शब्दांतील ‘मी’
(ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



इ. स. १८८३ च्या जून महिन्यात, नुकत्याच अमेरिकेत पोहोचलेल्या आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाला प्रवेशासाठी एक पत्र लिहिले. त्यांचे वय तेव्हा अठरा वर्षांचे होते. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीमुळे त्यांची जीवनकथा घरोघरी पोहोचली. परंतु लेखनाचा नमुना म्हणून त्या पत्राकडे क्वचितच पाहिले जाते. प्रवेशाच्या साऱ्या अटी आपल्याकडून पुऱ्या होतीलच असे नाही, हे त्यांनी त्यात मोकळेपणाने मान्य केले आणि आपले प्रकरण अपवादात्मक असल्याने त्याचा सहानुभूतीने विचार व्हावा, अशी विनंती केली. स्वतःच्या निर्धाराचा उल्लेख त्यांनी केला; पण आप्तेष्टांचा आणि जातीचा विरोध पत्करून हा निर्धार मला तुमच्या देशात घेऊन आला आहे, असा पुरावा त्याला जोडला. पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या देशभगिनींसाठी हे शिक्षण हवे, हा हेतूही त्यांनी स्पष्ट सांगितला. महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला आणि १८८६ साली त्या पदवीधर झाल्या.

अमेरिकेतील महाविद्यालये आज बारावीच्या विद्यार्थ्याकडून जो निबंध मागतात, त्याची सारी मर्मस्थाने या पत्रात सापडतात. उणीव झाकलेली नाही. गुणाचे नाव घेतले ते कृतीच्या आधाराने. आणि हेतू असा की तो दुसऱ्या कोणाच्या अर्जात जसाच्या तसा उतरवता येऊ नये.

या निबंधाचा इतिहास मात्र फारसा सोज्वळ नाही. १९२२ साली हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष लोवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येला मर्यादा घालण्याची सूचना केली. केवळ परीक्षेच्या गुणांवर प्रवेश दिला तर ही मुले मोठ्या संख्येने येतात, ही त्यांची तक्रार होती. उघड मर्यादा नाकारली गेली. पण पुढे ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ पाहण्याच्या नावाखाली बरेचसे तेच साधले गेले. अर्जदाराचे घराणे, वळण, आवडीनिवडी विचारण्याची प्रथा या काळात बळावली. काहींना बाहेर ठेवण्यासाठी घडविलेले हे हत्यार पुढे इतरांना आत येण्यासाठी उपयोगी पडावे, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा. २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यावर बंधने आणली. तेव्हाही, वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने सांगितल्यास महाविद्यालयाला ते विचारात घेता येईल, असे निकालपत्रात नमूद झाले. निबंधाचे वजन त्यामुळे कमी झाले नाही.

आता प्रत्यक्ष लेखनाकडे वळू. शेकडो महाविद्यालयांना चालणारा ‘कॉमन अ‍ॅप’ नावाचा जो सामाईक अर्ज आहे, त्यात निबंधाला किमान २५० आणि कमाल ६५० शब्दांची मर्यादा आहे. दिलेल्या विषयांपैकी एक निवडावयाचा. त्यांत स्वतःच्या पसंतीच्या विषयालाही मुभा असते. गुण, परीक्षा, बक्षिसे, शिक्षकांची शिफारसपत्रे हे सारे अर्जात अन्यत्र येतेच. म्हणून निबंधात प्रशस्तिपत्रकांची यादी पुन्हा वाचणे म्हणजे पाहुण्याला जेवण झाल्यावर पुन्हा तेच ताट वाढण्यासारखे आहे.

मराठी घरातील मुलाची अडचण येथे दुहेरी असते. शाळेत त्याने निबंध लिहिलेले असतात ते ‘नदीचे आत्मवृत्त’ किंवा ‘पावसाळ्यातील एक दिवस’. आरंभी सुभाषित, मध्ये लाभ-हानी, शेवटी उपदेश. नदीच्या वतीने ‘मी’ म्हणण्याची त्याला सवय असते, स्वतःच्या वतीने मात्र नाही. घरात शिकवण अशी की स्वतःची स्तुती स्वतः करू नये. शिकवण चांगलीच आहे; पण तिच्यामुळे मुलगा ‘आम्ही केले’, ‘सर्वांच्या सहकार्याने झाले’ असे लिहितो आणि त्याने स्वतः काय केले हे वाचणाऱ्याला कळतच नाही. उलट कोणी धीर करून लिहितो, तो थेट ‘माझ्या अंगी नेतृत्वगुण आहेत’ असे लिहून मोकळा होतो. केलेली गोष्ट नेमकेपणाने सांगणे ही आत्मस्तुती नव्हे, हे त्याला कोणीतरी सांगावयास हवे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एक विद्यार्थिनी रविवारी अशाच एखाद्या जुन्या ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारण्याचे काम करते. तिचा पहिला मसुदा बहुधा असा असेल : ग्रंथ हे आपले गुरू, ग्रंथालय हे ज्ञानमंदिर, वाचनाने माणूस घडतो. यातील एकही वाक्य खोटे नाही. पण एकही वाक्य तिचे नाही. भारतातील कोणत्याही शाळेतील कोणताही मुलगा ते लिहू शकेल. मग तिला विचारावे, त्या खोलीत तू नेमके काय पाहिलेस? ती सांगेल की, पुस्तकाच्या मागे चिकटविलेल्या तारखांच्या कागदावर शेवटचा शिक्का १९७४ चा होता. अशी पुस्तके रद्दीत काढावीत असे ठरले, तेव्हा तिने यादी करावयास घेतली. यादी करता करता तिला त्यांतली चार पुस्तके वाचाविशी वाटली. तीन कंटाळवाणी निघाली. चौथ्यासाठी ती ग्रंथपालांशी भांडली आणि हरली. आता निबंधाला जीव आला! कंटाळवाण्या तिघांचा उल्लेख गाळू नये; त्यानेच चौथ्याविषयीचे तिचे मत विश्वसनीय ठरते. हरल्याचे तर मुळीच गाळू नये. मात्र एवढ्यावर थांबूनही चालणार नाही. कोणते पुस्तक ठेवावे आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाला, वाचकाला, ग्रंथपालाला की जागेच्या टंचाईला, या प्रश्नाशी ती कशी झगडली, हे निबंधाच्या उत्तरार्धात यावयास हवे. प्रसंग हे निमित्त; त्यावरचा तिचा विचार पाहण्यासाठीच निबंध मागितलेला असतो.

बेळगाव, वडोदरा, इंदूर किंवा हैदराबाद येथील मराठी मुलापाशी आणखी एक संचित असते. घरात मराठी, रस्त्यावर कानडी, गुजराती, हिंदी वा तेलुगू आणि वर्गात इंग्रजी, अशा तीन भाषांत तो सहज वावरतो, आणि ती सहजता इतकी अंगवळणी पडलेली असते की त्याला ती लिहिण्याजोगी वाटतच नाही. आजीसाठी बँकेतला अर्ज समजावून सांगताना कोणता शब्द सापडला नाही, यावर उत्तम निबंध होऊ शकेल. सावधगिरी एवढीच की ही संस्कृती प्रदर्शनात मांडलेल्या वस्तूसारखी मांडू नये. ‘आजी’ हा शब्द इंग्रजी निबंधातही खुशाल ठेवावा. वाक्याच्या ओघात त्याचा अर्थ लागतो. उगाच नऊवारी आणि पुरणपोळी यांची रेलचेल करून परक्या वाचकाला मोहविण्याचा प्रयत्न त्याला चटकन ओळखू येतो. दुःखाचेही तसेच. घरातील मृत्यू वा आजार यांविषयी लिहावे, जर त्याने लेखकाच्या वागण्यात काही बदल घडवला असेल तर. केवळ कणव मिळविण्यासाठी लिहिणे हे त्या दुःखालाच कमीपणा आणणारे आहे.

पहिला मसुदा मराठीत लिहावा काय? अवश्य लिहावा, ज्याला मराठीत विचार सुचतात त्याने. मात्र त्याचे भाषांतर करू नये. तो बाजूला ठेवून इंग्रजीत नव्याने लिहावे. भाषांतरात मराठी वाक्यरचना मागे राहते आणि शब्दकोशातले जड शब्द पुढे येतात. झालेला मसुदा मोठ्याने वाचावा. जेथे जीभ अडखळते, तेथे बहुधा वाक्य उसने असते.

तपासून कोणी द्यावे, हा प्रश्न नाजूक आहे. दोन वाचक पुरेत : एक मुलाला चांगले ओळखणारा आणि एक मुळीच न ओळखणारा. पहिल्याने ‘हे तुझ्यासारखे वाटते का’ हे सांगावे, दुसऱ्याने ‘हे समजते का’ एवढेच. आई, वडील, मामा, शिकवणीचे सर, अमेरिकेतली चुलत बहीण, असे पाच हात लागले की निबंध कोणाचाच राहत नाही. सल्लागार भरमसाट शुल्क घेऊन आख्खा निबंध लिहून देतात, त्यांना तर दारातच नकार द्यावा. अर्ज करताना हे लेखन माझे स्वतःचे आहे असे मुलाला प्रमाणित करावे लागते. सतराव्या वर्षी पालकांच्या संमतीने केलेली पहिली खोटी सही तीच ठरू नये. अलीकडे संगणकाला सांगून निबंध लिहवून घेण्याची सोय झाली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचा मजकूर स्वतःचा म्हणून देणे हे ‘कॉमन अ‍ॅप’च्या नियमांत फसवणुकीत मोडते, शिवाय असा निबंध त्या ज्ञानमंदिराच्या मसुद्यासारखाच गुळगुळीत आणि बिनचेहऱ्याचा असतो.

ब्रिटनला अर्ज करणाऱ्याने हाच निबंध तिकडे पाठवू नये. तेथे ४००० अक्षरचिन्हांची मर्यादा असून २०२६ च्या प्रवेशापासून सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. आणि भर असतो तो निवडलेल्या विषयाच्या अभ्यासावर. आजीच्या आठवणींना तेथे फारसा वाव नाही.

वेळेविषयी एक सूचना. अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांची लवकरच्या प्रवेशाची मुदत नोव्हेंबरच्या आरंभी संपते आणि नेहमीच्या प्रवेशाची जानेवारीच्या आरंभी. दिवाळीच्या सुट्टीत लिहावयास बसणाऱ्याला पहिली मुदत बहुधा हुकते आणि दुसरी सहामाहीच्या निकालाच्या धांदलीत येऊन आदळते. अकरावीची परीक्षा संपताच, मे महिन्याच्या सुट्टीत, वहीत रोज अर्धे पान लिहावे. विषय ठरवून नव्हे. त्या दिवशी जे पाहिले, ज्यावर भांडण झाले, जे समजले नाही, ते. ऑगस्टपर्यंत त्या वहीत निबंध कोठेतरी आलेला असतो. तो शोधून काढावयाचा आणि साडेसहाशे शब्दांत बसवावयाचा.