गांवच्या जुन्या वास्तूंचें रक्षण

सोलापूर शहराच्या दक्षिणेस सुमारें ४० किलोमीटरांवर, भीमा आणि सीना ह्या नद्या जेथें एकमेकींस मिळतात, तेथें हत्तरसंग-कुडल हें स्थान आहे. भीमा ओलांडली कीं कर्नाटकाची हद्द लागते. संगमावर संगमेश्वराचें जुनें देऊळ आहे. त्याच्या एका तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ च्या सुमाराचा, लेख कोरलेला आहे. मराठीच्या अगदी आरंभींच्या शिलालेखांत त्याची गणना होते. त्यांतील मराठी ओळीचा आशय इतकाच कीं, जो हें वाचील तो विजयी होईल.

कोरणाऱ्यानें वाचकास दिलेलें हें आश्वासन ९०० हून अधिक वर्षें तसेंच पडून राहिलें. पिढ्यान् पिढ्या भाविक लोक त्याच तुळईखालून देवदर्शनास जात होते. अखेर सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनीं तो लेख उजेडांत आणला. जवळच हरिहरेश्वराचें दुसरें देऊळ मातीखालीं गाडलें गेलें होतें. तें १९९९ सालीं उकरून काढण्यांत आलें, आणि ३५९ मुखें कोरलेलें विलक्षण शिवलिंग लोकांच्या दृष्टीस पडलें. एकाच संगमावरचीं हीं दोन देवळें. पैकीं एक उभें राहिलें आणि एक झांकलें गेलें. केवळ दगड कठीण आहे एवढ्यानें वास्तु टिकत नाहीं, हें ह्यावरून उघड होतें.

मग ती कशानें टिकते? ह्याचें उत्तर कायद्यांत शोधण्याची संवय आतां सर्वत्र झाली आहे. १९०४ सालीं प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५८ सालीं केंद्राचा आणि १९६० सालीं महाराष्ट्राचा असे नवे कायदे झाले. ते हवेतच. परंतु ज्या वास्तूंचीं नांवें सरकारी यादींत चढलीं, त्यांचेंच रक्षण त्या कायद्यांनीं होतें. गांवची वेस, पडकी गढी, पायऱ्यांची बारव, धर्मशाळा, पारावरचा वीरगळ, ह्यांपैकीं बहुतेकांचें नांव कोणत्याच यादींत नसतें. त्यांचा वाली गांवच.

अशा वास्तूंचे शत्रु दूरदेशाहून येत नाहींत. पहिला शत्रु पाणी. छपरावरची पन्हळ पाल्यानें तुंबते, पाणी सांधींत मुरतें आणि भिंतीच्या पोटांतली माती हळूहळू वाहून जाते. दुसरा शत्रु पिंपळ. पांखराच्या विष्ठेंतून पडलेलें बीं शिखराच्या फटींत रुजतें; पहिल्या वर्षीं तें रोप दोन बोटांनीं उपटून निघतें, वीस वर्षांनीं त्याचीं मुळें चिरे वेगळे करितात, आणि मग झाड तोडावें तरी भिंत ढांसळते.

तिसरा शत्रु सर्वांत अवघड, कारण तो भक्तीच्या रूपानें येतो. गांवांत वर्गणी जमते, जीर्णोद्धार ठरतो, आणि जुन्या दगडांवर सिमेंटाचा गिलावा व त्यावर चकचकीत तैलरंग चढतो. चुन्याच्या दर्जांतून भिंतींतील ओल बाहेर पडत असे. सिमेंटानें ती आंतच कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटूं लागतात. रंगानें कोरीव अक्षरें बुजतात. वर्गणी देणाऱ्याचा हेतु शुद्ध असतो, ह्यांत शंका नाहीं. परंतु ९०० वर्षें टिकलेलें अक्षर एका दुपारींत नाहींसें होतें, हेंही तितकेंच खरें.

देवळाप्रमाणेंच घराचीही गोष्ट आहे. सोलापूर जिल्ह्यांत पाऊस थोडा आणि ऊन कडक. म्हणून येथें जाड भिंतींचीं, पांढऱ्या मातीच्या माळवदाचीं घरें झालीं. तीं उन्हाळ्यांत थंड राहतात. परंतु ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे शेजारच्या किल्लारी भागांत भूकंप झाला, तेव्हां अशींच घरें कोसळून हजारों माणसें मेलीं. त्या दिवसापासून जुन्या घराविषयीं लोकांच्या मनांत भीति बसली, आणि ती निराधार नव्हती. दरवर्षीं जुन्या मातीवर नवी माती टाकून माळवद जड झालेलें होतें. भिंतीचे आंतले व बाहेरचे थर एकमेकांशीं सांधलेले नव्हते. यास्तव जुनें तें सर्व जसेंच्या तसें ठेवा, असें म्हणणें बरोबर नव्हे. छपरावरची जादा माती काढून भार कमी करावा, भिंतींत आरपार जाणारे लांब दगड बसवावे, खांब व तुळया एकमेकांस घट्ट जखडाव्या, हे उपाय त्या भूकंपानंतर अभियंत्यांनीं सांगितले. माणूस सुरक्षित राहील तरच घर राहील.

इंग्लंडांत १८७७ सालीं विल्यम मॉरिस ह्या कवीनें जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं एक संस्था काढली. जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं तेथील प्राचीन देवालयें खरवडून नवीं केलीं जात होतीं, तें त्यास पाहवेना. त्याचें सांगणें एवढेंच होतें कीं, रोजच्या काळजीनें नाश दूर ठेवावा. म्हणजे जीर्णोद्धाराची वेळच येणार नाहीं. ज्या गांवांत दिवाळीपूर्वीं घर सारवतात, त्या गांवास हा उपदेश परका वाटूं नये.

ऐकणारांपैकीं ज्यांच्या गांवीं अशी वास्तु असेल, त्यांनीं मृगापूर्वीं एक दिवस तिच्यासाठीं काढावा. पन्हळी मोकळ्या कराव्या, रोपें लहान आहेत तोंच उपटावीं, पाया भोंवतालचें पाणी दूर जाईल असा चर काढावा. वास्तु सरकारी यादींत असेल तर खात्यास विचारल्यावांचून तिच्या दगडास हात लावूं नये. गांवच्या शिक्षकानें मुलांकडून वास्तूची मापें घेववावीं, चित्रें काढवावीं आणि म्हाताऱ्यांकडून तिची हकीकत लिहून घ्यावी. ह्यास पैसा फारसा लागत नाहीं. लागतें तें सातत्य.

कुडलच्या त्या तुळईनें वाचणाऱ्यास विजय देऊं केला आहे. परंतु वाचणारा येईपर्यंत अक्षर राहिलें पाहिजे, आणि तें राखणें वाचतां न येणाऱ्यासही साधतें. पन्हळींतला पाला काढणारा हात अक्षरओळख मागत नाहीं.