यंत्रबुद्धी आणि मुळशीचा पक्षकार

मुळशीला जमिनीचा तंटा नवा नाही. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पुढे हिंजवडीला माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले, जमिनीचे मोल वाढले आणि सातबारावरील एकेका नावासाठी पौडच्या तहसील कचेरीत खेटे सुरू झाले.

अशा वेळी कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र नोटिशीचा अर्थ मराठीत सांगू लागले, अर्जाचा मसुदा करून देऊ लागले, तर वकिलांचे काम घटेल, असा समज आहे. तो घाईचा आहे. वाफेची यंत्रे कमी कोळशात चालू लागली तसा कोळशाचा एकूण खप वाढत गेला, हे स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच दाखविले होते. कायद्याच्या सेवेचेही तसेच होण्याचा संभव आहे.

सासरी नांदणाऱ्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. आजवर ती निमूटपणे सही करी. मुद्रांक विक्रेत्याच्या टेबलाशी मिळणारा सल्ला फुकट असतो, आणि पुष्कळदा तेवढ्याच किमतीचा. आता तोच कागद ती मोबाईलवर समजावून घेईल. २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, हे तिला कळेल. मग तिला वकील लागेल. तिने वकील केला की भावालाही लागेल. पूर्वी जेथे दावाच नव्हता, तेथे दोन पक्षकार उभे राहतील.

स्पर्धाही वाढेल. साध्या अर्जाची फी उतरेल, पुण्यातील वकील घरबसल्या मुळशीचे काम घेईल. मात्र गटाची चतुःसीमा आणि प्रत्यक्ष वहिवाट ज्याला ठाऊक, त्या स्थानिक वकिलाचे महत्त्व टिकेल. शिवाय यंत्र बेधडक खोटेही सांगते. अस्तित्वात नसलेले निवाडे न्यायालयापुढे ठेवल्याबद्दल न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला. येथील पक्षकाराचे नुकसान दंडाने भरून निघणारे नाही. फेरफाराविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपिलाची मुदत ६० दिवसांची. यंत्राने ती चुकीची सांगितली आणि दिवस उलटले, तर विलंब माफ करून घेण्यासाठीच आधी झगडावे लागते.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावयाचा असतो. ग्रामसभेत हे वाचून दाखविता येईल; हक्कसोडपत्रावर सही होण्यापूर्वी वाचले गेले, तर अधिक उपयोगी.