अल्पोर्टचा आजार आणि आपली घरे



मी बँकेच्या काउंटरवर बसणारा माणूस, कला शाखेचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. तरीही मूत्रपिंडाच्या एका दुर्मीळ आनुवंशिक आजारावर बोलणार आहे, कारण तो दवाखान्याइतकाच घराघरांतल्या लपवाछपवीत वाढतो.

१९२७ साली सेसिल अल्पोर्ट या डॉक्टरांनी ब्रिटनमधील एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. पिढ्यान् पिढ्या लघवीतून रक्त, कमी ऐकू येणे आणि पुरुषांचे लवकर दगावणे. पुढे आजाराला त्यांचेच नाव मिळाले. मूत्रपिंडातील गाळणीचा पडदा कोलॅजन नावाच्या प्रथिनाने विणलेला असतो. त्याचे जनुक सदोष असले की पडदा विरतो. तेच कोलॅजन कानातही असते.

हे रक्त बहुधा डोळ्यांना दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र लहानपणीच सापडते. पुढे शाळकरी वयात मुलाला ऐकू कमी येऊ लागते आणि आपण म्हणतो, कार्ट्याचे लक्षच नसते! उपचार न झाल्यास बहुतेक मुलग्यांची मूत्रपिंडे चाळिशीच्या आत निकामी होतात.

बहुतेक घरांत हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. आईकडून प्रत्येक अपत्याला येण्याची शक्यता निम्मी. वडिलांकडून सर्व मुलींना, मुलग्यांना नाही. एवढे कळले की सुनेला 'तुझ्या माहेरचा रोग' म्हणून टोचणे सुरू होते. जनुक काय कोणी निवडून आणते? शिवाय ती बाई स्वतःही रुग्ण असू शकते. तिच्याही लघवीत रक्त असते, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मुलाला मूत्रपिंड द्यायला मात्र प्रथम तीच पुढे येते. तिची कसून तपासणी झाल्याखेरीज तो विषयच काढू नये.

हा रोग मुळासकट जात नाही; पण रॅमिप्रिलसारख्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळीच सुरू केल्या तर डायलिसिस अनेक वर्षे लांबू शकते. (गरोदरपणात त्या चालत नाहीत.) तेव्हा सोयरिकीच्या भीतीने मामाचे डायलिसिस, आजोबांचे बहिरेपण झाकू नका. एक मुलगा आजारी निघाला तर आई, बहिणी, मावश्या, त्यांची मुले, सर्वांची लघवी, रक्तदाब आणि कान तपासून घ्या. जाताना जुने रिपोर्ट सोबत न्या. ते नसतील तर नात्यात कोणाला, कोणत्या वयात, काय झाले हे वहीच्या पानावर लिहून न्या. डॉक्टरांना तेही उपयोगी पडते.