बिननावाचा कर आणि बेकाराचा हक्क
(हावडा येथील कामगारांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



हावड्याचा पूल फेब्रुवारी १९४३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. तो ओलांडताना कोणी पथकर मागत नाही, म्हणून तो फुकट मिळाला असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. १९२६ च्या कायद्यान्वये त्यासाठी खास कर बसविण्यात आले, आणि पूल उभा राहिल्यावरही कोलकात्याच्या घरपट्टीत ‘हावडा पूल कर’ ही बाब अनेक दशके राहिली. त्या कराला नाव होते. पैसा कुठे गेला असे विचारता येत होते आणि उत्तर हुगळीवर उभे होते. इतके बोलके उत्तर अंदाजपत्रकाला क्वचितच देता येते!

हावड्याच्या ताग गिरणीतील बदली कामगार जो कर भरतो, त्याला असे नाव नाही. फाटकावर ‘काम तहकूब’ची नोटीस लागते. ही टाळेबंदी नव्हे आणि गिरणी बंद करणेही नव्हे, असे मालक सांगतो. त्यामुळे कामावरून कमी केल्याचा कागद कामगाराच्या हाती येत नाही. कागदोपत्री तो बेकार नसतो. पगार मात्र थांबलेला असतो. कर थांबत नाही. अंगाच्या साबणावर सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के जीएसटी होता, त्यानंतर ५ टक्के झाला. छापील पिशवीतील पीठ-तांदळावर जुलै २०२२ मध्ये ५ टक्के कर बसला. काम शोधण्यासाठी मोबाइलमध्ये पैसे भरावेत, तर त्यावर १८ टक्के. भांडवली वृत्तपत्रे मात्र करदाता म्हणजे प्राप्तिकर भरणारा, एवढेच धरून चालतात.

पश्चिम बंगालमध्ये १९७८ साली डाव्या आघाडीच्या सरकारने नोंदणीकृत बेकारांना दरमहा ५० रुपये भत्ता सुरू केला. पन्नास रुपयांत संसार चालत नव्हता, हे उघड आहे. परंतु बेकारी हा बेकाराचा दोष नव्हे, हे तत्त्व सरकारी तिजोरीने मान्य केले. २०१३ मध्ये ‘युवाश्री’ योजनेने ही रक्कम १५०० वर नेली. दोन्ही योजना सरकारच्या मर्जीवर उभ्या राहिल्या. त्यांना कायद्याचा आधार नव्हता.

महाराष्ट्राचा अनुभव याहून बोधप्रद आहे. १९७२ च्या दुष्काळातून वाढलेल्या रोजगार हमीसाठी १९७५ पासून व्यवसायकर बसला, आणि जमा रकमेइतकीच भर राज्याने घालावयाची होती. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ रोजी अमलात आला. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास रोज किमान १ रुपया बेकारभत्ता, अशी त्यात तरतूद होती. रक्कम क्षुल्लक, पण ती मागण्याचा अधिकार कायद्याचा! उणीव दुसरीकडे होती. मुंबईच्या पगारदारांनी व्यवसायकर भरला, परंतु हमी ग्रामीण भागापुरती असल्याने १९८२ च्या संपानंतर रस्त्यावर आलेल्या गिरणी कामगाराला त्या निधीचा शहरात उपयोग झाला नाही. २००५ च्या केंद्रीय कायद्यानेही शहर वगळलेच.

व्यवसायकराचा कायदा पश्चिम बंगालमध्येही १९७९ मध्ये झाला. राज्यघटनेने १९८८ पासून त्यावर वार्षिक २५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. तेव्हा एकट्या त्यावर शहरी बेकारभत्त्याचा निधी उभा राहणार नाही. नोटीस लावणाऱ्या मालकाचा वाटा त्यात हवाच. मात्र त्याआधीची मागणी कागदाची आहे: फाटकावर नोटीस लागेल त्याच दिवशी प्रत्येक बदली कामगाराच्या हाती बेकारीचा दाखला पडला पाहिजे, आणि पंधरा दिवसांची मोजणी त्या तारखेपासून सुरू झाली पाहिजे.