नाकेबंदी आणि कापूस

गडाला वेढा पडला म्हणजे आतील शिबंदीचे काय होते, हे मराठी माणसाला सांगावयास नको. सागरी नाकेबंदी हाही एक वेढाच होय. फरक इतकाच की, त्याची झळ कोठवर पोचेल हे वेढा घालणाऱ्यालाही ठाऊक नसते.

अमेरिकेतील यादवी युद्धात हे प्रकर्षाने दिसून आले. १८६१ च्या एप्रिलमध्ये अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेकडील फुटीर राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. किनारा सुमारे साडेतीन हजार मैलांचा, आणि हाताशी सज्ज जहाजे पन्नासही नव्हती! सेनापती स्कॉट यांच्या योजनेला वृत्तपत्रांनी 'ॲनाकोंडा', म्हणजे अजगर, असे नाव दिले ते उपहासानेच. पुढे उत्तरेचे आरमार सहाशेहून अधिक जहाजांचे झाले. तरीही नासाऊ आणि बर्म्यूडा येथून निघणारी चपळ जहाजे रात्रीच्या अंधारात पहारा चुकवीत, आणि त्यांतील बरीचशी सुखरूप पोचतही.

मग नाकेबंदी फसली काय? तसे नव्हे. चोरून जाणाऱ्या लहान जहाजातून बंदुका येत, औषधे येत. परंतु दक्षिणेचे सारे वैभव ज्या कापसावर उभे होते, त्याच्या लाखो गाठी अशा वाटेने जाणे शक्य नव्हते. पहाऱ्यातून काय निसटले यापेक्षा, पहाऱ्याच्या धास्तीने काय निघालेच नाही, यावर नाकेबंदीचे यश मोजावे लागते. शिवाय, कापसावाचून इंग्लंडचे अडेल व ते आपल्या मदतीस धावेल, या आशेने दक्षिणेने आरंभी स्वतःच कापूस रोखून धरला होता. इंग्लंड धावले नाही. लँकेशायरचे कामगार उपाशी राहिले, आणि गिरणीमालकांची दृष्टी मुंबईकडे वळली.

खानदेश-वऱ्हाडातील कापसाला न भूतो असा भाव आला. भेसळ इतकी माजली की, १८६३ मध्ये सरकारला तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. मुंबईत तर पैशाचा पूर लोटला. नव्या बँका व कंपन्या रोज निघू लागल्या. प्रेमचंद रायचंद यांचा शब्द म्हणजे बाजारभाव ठरला. बॅकबे भरणीच्या कंपनीचे शेअर मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकले गेले. समुद्र हटण्यापूर्वीच त्यावरील जमिनीचा सट्टा सुरू झाला होता!

१८६५ च्या एप्रिलमध्ये सेनापती ली शरण आले आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्यांचा दिवस अनेक पेढ्यांना दिवाळखोरीचा ठरला. बँक ऑफ बाँबेही सावरली नाही. १८६८ मध्ये तिचा कारभार गुंडाळावा लागला.

शहराचे दिवाळे चटकन दिसते. खेड्याचे दिसावयास वर्षे लागतात. तेजीच्या काळात सावकाराने हात सैल सोडला होता. पीक सोन्याच्या मोलाने जाईल, या भरवशावर शेतकऱ्याने कर्ज काढले. भाव गेले, कर्ज राहिले. त्यातच पुणे-नगरकडील अनेक गावांत फेरपाहणीने शेतसारा वाढला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगल उसळली, ती नगर जिल्ह्यातही पसरली, आणि सावकारांची खतपत्रे जाळली गेली. तिला अन्य कारणेही होती. पण त्या कर्जाचा एक धागा चार्ल्स्टन व विल्मिंग्टनच्या बंदरांपर्यंत जातो. १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला, तो या दंगलीनंतरच.

या युद्धाने चाळीस लाख गुलामांच्या बेड्या तुटल्या, आणि त्यात नाकेबंदीचा वाटा होता, हे विसरून चालणार नाही. तथापि, वेढ्याचा हिशेब मांडताना जहाजे आणि तोफा तेवढ्या मोजून भागत नाही. त्या युद्धाचे नावही न ऐकलेला सुप्याचा कुणबीही त्या हिशेबात धरावा लागतो.