सपत्नीक प्रवास आणि चित्रकोटचा धबधबा
(सौंदड येथील वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मेळाव्यात शिक्षण, विवाहखर्च, शेती या विषयांवर दरवर्षी भाषणे होतात व ती व्हावयास पाहिजेतच. आज मात्र चिटणीसांच्या आग्रहावरून मी जरा निराळ्या विषयावर चार शब्द बोलणार आहे. तो विषय म्हणजे उतारवयातील पतिपत्नींचा प्रवास. हा चैनीचा विषय आहे असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. परंतु तो वस्तुतः कर्तव्याचा विषय आहे, असे माझे नम्र मत आहे.

आपल्या समाजातील गृहिणीचे आयुष्य पाहा. आषाढ-श्रावणात चिखलात उभे राहून रोवणी, पुढे निंदण, कापणी, चुरणी, आणि या सर्वांच्या आधी व नंतर चूल. लेकीबाळींची लग्ने होतात, नातवंडे येतात, आणि मग यजमान म्हणतात, "आता एकदा यात्रेला जाऊ." ते "एकदा" पुढे पुढे सरकत राहते. पुष्कळ जोडप्यांचा पहिला दूरचा प्रवास तेव्हाच घडतो, जेव्हा एकाच्या अस्थी दुसऱ्याच्या हाती असतात. हे चित्र आपल्यापैकी कोणी पाहिले नाही?

पूर्वीचे लोक दमणीत धान्य, भांडी, अंथरूण घालून सहकुटुंब जत्रेस जात व झाडाखाली मुक्काम करीत. अमेरिकेत निवृत्त दांपत्ये चाकांवरचे घरच घेऊन महिनोन् महिने हिंडतात. आपल्या महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली अशा वाहनांच्या पर्यटनासाठी धोरण ठरविले. तेव्हा ही कल्पना परकी नव्हे. दमणीचेच ते यांत्रिक रूप आहे. आम्हां उभयतांजवळ तसले महागडे वाहन नाही. चिरंजीवांची सात आसनांची गाडी होती; तिची मागील आसने दुमडली, वर गादी पसरली, एक पेटी शिध्याची, एक कपड्यांची, पाण्याचे दोन कॅन व लहान गॅस शेगडी घेतली, आणि हलके धान कापणीस येण्यापूर्वी आश्विनात बस्तरच्या वाटेस लागलो.

सौंदडहून जाणारा मार्ग सोपा आहे. आपल्याच महामार्गाने पूर्वेस देवरी, राजनांदगाव, दुर्ग व रायपूर. तेथून दक्षिणेस वळून धमतरी, कांकेर, केशकाळचा वळणावळणांचा घाट, कोंडागाव आणि जगदलपूर. जगदलपूरपासून पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरांवर इंद्रावती नदीचा चित्रकोट धबधबा आहे. एकूण अंतर ५०० किलोमीटरांहून अधिक भरते. आम्ही ते दोन दिवसांत कापले. अंधार पडल्यावर गाडी हाकावयाची नाही, हा आमचा नियम होता. श्रीरामप्रभूंच्या वनवासाशी निगडित असलेले चित्रकूट ते हे नव्हे; ते उत्तरेकडे मंदाकिनीच्या तीरी आहे. नामसादृश्यामुळे घोटाळा होतो म्हणून सांगितले.

चित्रकोट येथे इंद्रावती घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कड्यावरून सुमारे ९५ फूट खाली पडते. भर पावसाळ्यात तिचा पट सुमारे ३०० मीटर रुंद होतो व पाणी तांबूस गढूळ असते. पावसाळा ओसरला म्हणजे धारा वेगवेगळ्या होतात व पांढऱ्या दिसू लागतात. यास "भारताचा नायगारा" म्हणतात. अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरील नायगाऱ्याची नालाकृती धार याच्या जवळजवळ दुप्पट उंच आहे. तेथे नवविवाहित जोडपी जाण्याची रूढी आहे. आमच्या लग्नास चाळीस वर्षे होऊन गेली होती. परंतु त्या तुषारांनी आम्हांस वय विचारले नाही.

कड्यावर आम्ही बराच वेळ स्तब्ध उभे होतो. शेवटी आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "एवढं पाणी, अन् पाळ कुठंच नाही!" हे उद्गार कोहळ्याच्या लेकीचेच होत. ज्या कोलू पाटील कोहळींनी सात डोंगरांच्या मध्ये नवेगाव बांधचा तलाव उभा केला असे परंपरा सांगते, त्यांच्या समाजात जन्मलेल्या बाईस पडणारे पाणी पाहून ते अडविण्याचा विचार सुचावा, यात नवल ते काय? मी तिला सांगितले की, हे पाणी आपणांस परके नाही. आपल्या तालुक्यातील चुलबंद वैनगंगेस मिळते, वैनगंगा वर्ध्यास मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. त्याच सिरोंचा तालुक्यात, थोडे खाली, सोमनूर येथे ही इंद्रावतीही गोदावरीस मिळते. आपल्या बांधीतून निसटलेले पाणी आणि हे कड्यावरून पडलेले पाणी पुढे एकच होते. शाळेत नकाशावर हे मी अनेक वर्षे शिकविले. परंतु त्या दिवशी तिने ते डोळ्यांनी पाहिले व चुलबंदेची आठवण काढून ओंजळभर पाणी नदीस वाहिले.

तेथील बाजारात तिला दुसरा आनंद लाभला. बस्तरची हलबी बोली मराठीच्या इतकी जवळची आहे की, ग्रियर्सनसाहेबांनी आपल्या भाषासर्वेक्षणात तिचा विचार मराठीबरोबरच केला. भाजी विकणाऱ्या बायांशी हिचे संभाषण माझ्या मध्यस्थीवाचून सुरळीत चालले.

आता मुख्य मुद्दा. घर चाकांवर घेतले म्हणजे चूलही बरोबर येते. ती चूल जर पुन्हा तिच्याच पदरी पडली, तर नवरा प्रवासास गेला व बायको स्वयंपाकास गेली, एवढाच अर्थ उरतो. म्हणून निघण्यापूर्वीच आम्ही वाटणी ठरविली. सकाळचा चहा व रात्रीचा भात माझ्याकडे. भांडी ज्याने खाल्ली त्याने आपापली घासावीत. दुपारचे जेवण वाटेवरच्या खाणावळीत. पहिल्या मुक्कामी ती दोनदा उठून शेगडीकडे आली. तिसऱ्या सकाळी मात्र ती पांघरूण घेऊन बसली, हाती आयता चहा घेतला आणि म्हणाली, "सूर्य उगवताना मी पहिल्यांदाच नुसती बसून पाहते आहे." बंधूंनो, धबधबा पुष्कळांनी वर्णिला आहे, परंतु या वाक्यासाठी मी तो सर्व प्रवास पुन्हा करीन.

ज्यांना जावयाचे असेल त्यांच्यासाठी काही सूचना करतो. शेगडी गाडीच्या आत कधीही पेटवू नये. झोपताना काच थोडी उघडी ठेवावी. मुक्काम वस्तीजवळ, विचारून करावा. औषधे पंधरा दिवसांची घ्यावीत. कड्यावरील खडक निसरडे असतात, तेथे कठड्यापलीकडे पाऊल टाकू नये. उन्हाळ्यात जाऊ नये. वरच्या अंगास जोरा नाल्याच्या वाटेने इंद्रावतीचे पाणी सबरीकडे वळते व उन्हाळ्यात धबधब्याची धार क्षीण होते. जमल्यास कांगेर खोऱ्यातील तीरथगडचा पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा धबधबाही पाहावा. ज्यांस इतके दूर जाणे शक्य नाही त्यांनी सालेकसा तालुक्यातील दरेकसाजवळचा हाजरा धबधबा पाहावा. एका दिवसात जाऊन परत येता येते. अंतर महत्त्वाचे नाही, दोघांनी जाणे महत्त्वाचे आहे.

पुत्रांना व सुनांना माझी विनंती आहे की, आईवडिलांच्या वाढदिवसास वस्त्रे देता, त्याऐवजी एकदा गाडी द्या आणि आठ दिवस घर सांभाळा. आणि माझ्या वयाच्या बंधूंना विनंती की, गुडघे शाबूत आहेत तोवरच निघा. तलावाची पाळ वेळेवर बांधली तरच पाणी साठते; पाऊस सरल्यावर बांधलेल्या पाळीचा उपयोग नाही, हे कोहळ्यास मी सांगावे असे नाही.